अरोरेचं गोत्र

10 मे 2024 च्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर लालसर आभा टिपली. ती छायाचित्रं मोबाइलवर फिरू लागली आणि मराठीत तिच्यासाठी एकाच वेळी चार नावं चालू झाली: ध्रुवीय प्रकाश, मेरुज्योती, नॉर्दर्न लाइट्स आणि अरोरा. यातल्या शेवटच्या शब्दाचं तर लिंगही ठरलेलं नाही. कुणी 'अरोरा दिसला' लिहितं, कुणी 'दिसली', कुणी 'दिसले'. शब्दाचं लिंग असं डळमळतं तेव्हा भाषेने त्याला अजून घरात घेतलेलं नसतं. अरोरेच्या बाबतीत हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण तिचं गोत्र शोधत गेलं की ऋग्वेदाशी पोचतो. म्हणून या लेखात ती पहिल्यापासून स्त्रीलिंगीच चालेल. भाषा, भाषेचा, तशी अरोरा, अरोरेचा. (पंजाबी अरोरा आडनावाशी तिचा संबंध नाही. ते सिंधमधल्या अरोर नावाच्या जुन्या नगरावरून आलेलं आहे.)

लॅटिनमध्ये अरोरा म्हणजे पहाटेची देवी. आपली उषस्, ग्रीकांची एओस, लिथुएनियन भाषेतली आउश्रा आणि ही अरोरा, चौघी एकाच मूळ शब्दाच्या लेकी. मूळ धातूचा अर्थ उजळणं. संस्कृतात तो 'वस्' या रूपात आहे. राहणं या अर्थाचा वस् निराळा. हा उजाडण्याचा, ज्याचं रूप 'उच्छति' होतं. मग उषस् मधल्या 'ष'च्या जागी अरोरेत 'र' कसा आला? प्राचीन लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या 'स'चा 'र' होत असे. कुळ या अर्थाचा 'जेनुस' विभक्ती लागताच 'जेनेरिस' होतो, तो याच नियमाने. 'आउसोसा'सारखं काही तरी जुनं रूप होतं, त्यातल्या मधल्या 'स'ने 'र'चा वेश घेतला आणि अरोरा तयार झाली. इंग्रजीतले 'ईस्ट' आणि 'ईस्टर'ही याच कुळातले. गंमत म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या प्रकाशाला 'अरोरा ऑस्ट्रालिस' म्हणतात, त्यातला 'ऑस्टर', म्हणजे लॅटिनमधला दक्षिणवारा, हाही अनेक व्युत्पत्तिकारांच्या मते याच धातूवरून आलेला आहे. तसं असेल तर त्या नावात उषा दोनदा बसलेली आहे.

ऋग्वेदात उषेची सुमारे वीस सूक्तं आहेत. त्यांतल्या एका सूक्तात ऋषी तिला नर्तकीची उपमा देतो. नर्तकीसारखी ती नक्षीदार वस्त्रं लेऊन येते. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरची माणसं अरोरेला 'मिरी डान्सर्स' म्हणतात. त्यातलं 'मिर' म्हणजे थरथरणं, झिलमिलणं. 'आनंदी' या अर्थाच्या इंग्रजी 'मेरी'शी त्याची गल्लत पुढे झाली. ऋग्वेद आणि शेटलंड यांच्यात कसलीही देवघेव नव्हती. हलणारा उजेड पाहिला की माणसाला नाचणारी बाई सुचते, एवढंच त्यातून दिसतं, आणि ते मला पुरेसं सुंदर वाटतं.

मराठी वाचकाला इथे लोकमान्य टिळक आठवतील. 1903 साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात त्यांनी आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं. त्यांचा मोठा आधार उषासूक्तांचा होता. वेदातली उषा अनेक दिवस रेंगाळते, तिचा उल्लेख अनेकवचनी येतो, अशी दीर्घ पहाट ध्रुवाजवळच शक्य आहे, असा तो युक्तिवाद. अभ्यासकांनी हा सिद्धांत स्वीकारला नाही, आणि योग्यच केलं. पण पुण्यात बसून टिळक उषेला ध्रुवाकडे नेत होते, त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीच उषेची लॅटिन बहीण तिथे जाऊन पोचली होती.

तिला तिथे नेलं गॅलिलिओने. 1619 साली त्याचा शिष्य मारिओ गुइदुच्ची याच्या नावाने धूमकेतूंवर एक प्रबंध निघाला. त्याच्या मागे गॅलिलिओचाच हात होता. त्यात उत्तरेच्या आकाशातल्या उजेडाला 'बोरियल अरोरा', उत्तरेची पहाट, असं म्हटलं आहे. हे नाव नुसती शोभा म्हणून ठेवलेलं नव्हतं. पृथ्वीवरून उठलेली वाफाळ हवा फार उंच गेली की पृथ्वीच्या सावलीबाहेर पडते, तिच्यावर सूर्यकिरण पडतात आणि रात्रीच उत्तरेला पहाट झाल्यासारखं वाटतं, असं स्पष्टीकरण त्यामागे होतं. म्हणजे नाव हाच एक सिद्धांत होता. सिद्धांत चुकीचा निघाला, नाव राहिलं. फ्रेंच तत्त्वज्ञ गासेंदी याने 1621 मधल्या अरोरेचं वर्णन करताना तेच नाव वापरलं आणि ते रूढ झालं.

उत्तरेकडच्या लोकांना, ज्यांच्या डोक्यावर ती हिवाळाभर असते, तिला पहाट म्हणावंसं कधी वाटलं नाही. तेराव्या शतकातल्या 'कोनुंग्स स्कुग्ग्स्या', म्हणजे 'राजाचा आरसा', या नॉर्वेजियन ग्रंथात तिला 'उत्तरप्रकाश' असं साधं नाव आहे. त्यात तीन कारणंही सुचवलेली आहेत: समुद्राभोवतीची आग, पृथ्वीच्या कडेवरून डोकावणारा सूर्य, नाहीतर बर्फाने साठवून ठेवलेला उजेड. फिनलंडमध्ये तिला 'रेवोंतुलेत' म्हणतात, कोल्ह्याची आग. बर्फावरून पळणाऱ्या कोल्ह्याच्या शेपटीने उडवलेल्या ठिणग्यांची. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दिग्दाह' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. दिशा पेटणं हा उत्पात, आणि त्याच्या रंगावरून शुभाशुभ सांगितलेलं. वराहमिहिराने अरोरा पाहिली होती असं मी म्हणणार नाही. उज्जैनच्या अक्षांशावर ती फारच दुर्मीळ, आणि संध्याकाळच्या धुळीनेही दिशा पेटतात. पण हानलेच्या त्या छायाचित्राला दिग्दाह हा शब्द मापात बसतो.

या सगळ्या शब्दांत एक शब्द विज्ञानाच्या फार कामी आला, तो ग्रीकांचा. आकाशात रात्री उघडणाऱ्या उजळ भेगांना अॅरिस्टॉटलने 'खास्मा' म्हटलं, दरी किंवा भगदाड या अर्थी. दोन हजार वर्षांनी हेर्मान फ्रिट्झ याने अरोरा कुठे किती वेळा दिसते याच्या हजारो नोंदी गोळा केल्या, 1881 साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि सारख्या वारंवारतेची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना नाव दिलं 'आयसोखाझम'. समान-भगदाड-रेषा! नकाशावर त्या रेषा उमटल्या तेव्हा दिसलं की ध्रुवाकडे जावं तशी अरोरा वाढत जात नाही. एका पट्ट्यापर्यंत ती वाढते आणि तो ओलांडून ध्रुवाजवळ गेलं की पुन्हा कमी होते. अमेरिकेत एलायस लूमिस यानेही 1860 साली असाच पट्टा काढून दाखवला होता.

पुढे 1963 साली याकोव्ह फेल्डस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून या पट्ट्याचा खरा आकार दाखवला. ते एक लंबगोल कडं आहे. भूचुंबकीय ध्रुवाभोवती ते बसलेलं आहे, पण थोडं सरकलेलं. मध्यरात्रीच्या बाजूला ते साधारण 67 चुंबकीय अक्षांशापर्यंत खाली येतं, दुपारच्या बाजूला 77 च्या आसपास राहतं. कडं जागेवर राहतं आणि पृथ्वी त्याच्याखालून फिरते. 1981 साली सोडलेल्या 'डायनॅमिक्स एक्स्प्लोरर 1' या उपग्रहाने ते आख्खं कडं एका चित्रात दाखवलं. कधी कधी कड्याच्या मधून एक आडवी रेघ जाताना दिसली, ग्रीक अक्षर थीटासारखी. म्हणून ती 'थीटा अरोरा'. एरवी मात्र कड्याच्या आतला भाग, म्हणजे नेमका ध्रुवाकडचा, बहुधा काळोखाच असतो. आता 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द या चित्रासमोर धरून पाहा. शाळेत मूल हा शब्द शिकतं आणि ध्रुवावर सर्वांत जास्त प्रकाश असणार असं गृहीत धरतं. शब्द त्याला चुकीच्या जागी उभं करतो.

चित्रांनी नावं अशी तपासली, आणि चित्रं मिळवणं सोपं नव्हतं. सोफस ट्रॉमहोल्ट याने 1882-83 चा हिवाळा नॉर्वेतल्या कौतोकेइनो गावात काढला, पण त्या काळच्या काचांवर अरोरा उमटली नाही. पहिलं छायाचित्र 1892 साली उत्तर नॉर्वेतल्या बोस्सेकोप इथे मार्टिन ब्रेंडेल आणि ओटो बाशिन यांना मिळालं. मग 1910 पासून कार्ल स्टॉर्मर या गणितज्ञाने हा उद्योगच मांडला. दोन कॅमेरे काही कोसांवर ठेवायचे, मधे टेलिफोनची तार, आणि 'आता' म्हणताच दोन्हीकडे एका क्षणी कळ दाबायची. दोन्ही काचांवर तारे तेच, पण ताऱ्यांच्या तुलनेत अरोरा थोडी सरकलेली. त्या सरकण्यावरून उंची काढायची. खालची कड बहुतेक वेळा 100 किलोमीटरच्या आसपास निघाली. म्हणजे ढग, वारा, पाऊस यांच्या कितीतरी वर. वाफाळ हवा आणि बर्फात साठलेला उजेड ही कारणं कायमची बाद.

ही उंचीच एक माप आहे. वरून येणारे इलेक्ट्रॉन जितके जोरकस तितके ते हवेत खोल घुसतात. 100 किलोमीटरवर कड दिसली की आलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सुमारे 10 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट होती हे समजतं. रंगही तसाच बोलतो. हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूचा, 557.7 नॅनोमीटरचा, उत्तेजित झालेला अणू तो पाऊण सेकंदात टाकतो. लाल रंगही ऑक्सिजनचाच, 630 नॅनोमीटरचा, पण त्यासाठी अणूला जवळजवळ दोन मिनिटं शांत राहावं लागतं. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कुणीतरी येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल फक्त उंचावर, 200 किलोमीटरच्या वर. तळाशी कधी जांभळट झालर असते, ती नायट्रोजनची. म्हणजे रंगीत छायाचित्रात निळ्या-हिरव्या-लालाचं प्रमाण मोजलं की वरून काय, किती आणि कुठल्या जोराने पडतंय याचा हिशेब मांडता येतो.

या हिरव्या रंगाने शास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं. तो कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. 1911 साली आल्फ्रेड वेगेनर याने, खंड सरकतात म्हणणाऱ्या त्याच वेगेनरने, वातावरणाच्या माथ्यावर एक अज्ञात हलका वायू असावा असं सुचवलं आणि त्याला 'जिओकोरोनियम' असं नावही दिलं. 1925 साली टोरांटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत ती हिरवी रेषा ऑक्सिजनची असल्याचं सिद्ध केलं. जिओकोरोनियम नुसताच शब्द उरला. त्याने दाखवलेली वस्तू कधी नव्हतीच. आणि ऑक्सिजनच्या या रेषांना भौतिकशास्त्रात जे नाव आहे, 'निषिद्ध रेषा', तेही तितकंच फसवं. त्या निषिद्ध नाहीत, सावकाश आहेत.

लाल रंग म्हणजे मोठी उंची, आणि मोठ्या उंचीवरची अरोराच दुरून क्षितिजावर दिसते. एवढं हाताशी घेऊन जुनी पुस्तकं उघडली की तीही वाचता येतात. तिबेरियसच्या काळात आकाश रात्रभर इतकं लाल दिसलं की ओस्तिया बंदर पेटलं समजून रोमन तुकड्या मदतीला धावल्या, असं सेनेका सांगतो. धुरकट, जाड आगीसारखा उजेड, हे त्याचं वर्णन. इटलीच्या अक्षांशावरून लाल अरोरा नेमकी तशीच दिसते. जपानी लोक तिला 'सेक्की' म्हणत, लाल वायू, आणि फुजिवारा नो तेइका या कवीने 1204 सालच्या आपल्या रोजनिशीत क्योटोवरच्या सेक्कीची नोंद ठेवली आहे.

1770 च्या सप्टेंबरमधल्या सेक्कीचं तर चित्रच आहे. 'सेइकाइ' नावाच्या हस्तलिखितात कुणीतरी डोंगरामागून पंख्यासारखी उघडलेली लाल-पांढरी किरणं रंगवली आहेत. पाहणाऱ्याला ही अतिशयोक्ती वाटावी. पण क्योटोतल्या एका घराण्याच्या रोजनिशीत त्याच रात्री लिहिलेलं सापडलं की लाल उजेड माथ्यावर येऊन आकाशगंगेपर्यंत पोचला होता. 2017 साली र्युहो काताओका आणि कियोमी इवाहाशी यांनी या शब्दांवरून कोन काढले. किरणं चुंबकीय रेषांच्या दिशेने उभी आहेत असं धरून क्योटोतून ती कशी दिसतील हे गणिताने रेखाटलं. उत्तर आलं तो पंखाच. चित्रकाराने दिसलं ते काढलं होतं. आणि माथ्यापर्यंत पोचलेल्या त्या अरोरेवरून निष्कर्ष निघाला की 1770 चं चुंबकीय वादळ 1859 च्या प्रसिद्ध वादळाच्या तोडीचं, कदाचित किंचित वरचढच होतं.

ते 1859 चं वादळ मुंबईने मोजलेलं आहे. 2 सप्टेंबर 1859 ला कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली, आणि त्या वादळाची चर्चा करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे यावं लागतं. पुढे विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय नोंदी 1904 पासून अलिबागला हलवल्या. आणि 4 फेब्रुवारी 1872 च्या रविवारी रात्री तर खुद्द मुंबईतून अरोरा दिसल्याची बातमी इथल्या इंग्रजी वर्तमानपत्राने छापली. तारायंत्रंही त्या रात्री बिघडली होती. मुंबईइतक्या दक्षिणेला अरोरा दिसल्याच्या नोंदी साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, म्हणून ही बातमी आज शास्त्रीय पुरावा आहे.

वादळ हा शब्द हुम्बोल्टचा. 1806 साली बर्लिनमध्ये अरोरा दिसत असताना चुंबकसूची बेभान हलताना पाहून त्याने त्याला चुंबकीय वादळ म्हटलं. त्याच्याआधी 1741 मध्ये उप्साला इथे सेल्सियस आणि योर्टर यांनी हे नातं ओळखलं होतं. हुम्बोल्टनंतर सुमारे दीडशे वर्षांनी वादळाचं पिल्लू जन्मलं: 'सबस्टॉर्म', म्हणजे उपवादळ. शब्द सिडनी चॅपमन यांचा. त्याला देह दिला त्यांचे विद्यार्थी स्युनइची आकासोफू यांनी.

1957-58 हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. त्या काळात ध्रुवांभोवती शंभराहून अधिक सर्वाकाश कॅमेरे बसवले गेले. हे कॅमेरे आख्खं आकाश एका वर्तुळात टिपतात. आकासोफूंनी हजारो फूट फिल्म शेजारी शेजारी लावून पाहिली आणि 1964 साली सांगितलं की कॅनडात, अलास्कात, सैबेरियात वेगवेगळं दिसतं ते एकाच घटनेचे भाग आहेत. शांत कमान, तिची अचानक झळाळी, ध्रुवाकडे पसरणं, पश्चिमेकडे धावणारी लाट आणि मग विझणं, असा तासा-दोन तासांचा खेळ संपूर्ण कड्यावर एकदम होतो.

तो खेळ वाचायची युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. सर्वाकाश कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रातून उत्तर-दक्षिण अशी एकच उभी पट्टी कापायची. रात्रभराच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकमेकींना खेटून लावायच्या. झालेल्या चित्राला 'केओग्राम' म्हणतात. 1976 साली रॉबर्ट ईदर आणि सहकाऱ्यांनी अरोरेच्या एका इनुइट नावावरून हा शब्द घडवला. केओग्रामवर वर उत्तर, खाली दक्षिण, आणि आडवा काळ. संध्याकाळी वरच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ असते. ती तासभर हळूहळू खाली, दक्षिणेकडे, उतरत राहते. याचा अर्थ पृथ्वीमागे पसरलेल्या चुंबकीय शेपटात सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताची, ऊर्जा साठते आहे, कडं फुगतं आहे. मग एकाएकी ती रेघ पांढरी होते आणि दोन-चार मिनिटांत वरपर्यंत, उत्तरेकडे, उसळते. तिथे साठा मोकळा झाला. उजव्या अंगाला, पहाटेकडे, रेघ राहत नाही. तुटक ठिपके उघडझाप करत राहतात.

मधल्या त्या क्षणाला इंग्रजीत 'ब्रेकअप' म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द घडवायची गरजच नाही. आपल्याकडे तांबडं फुटतं, पहाट फुटते. घट्ट असलेलं एकदम उमलून पसरणं यासाठी 'फुटणं' आपण उषेच्याच संदर्भात रोज वापरतो. 'मध्यरात्रीनंतर अरोरा फुटली' हे वाक्य कुठल्याही मराठी माणसाला समजेल आणि ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक असेल.

पण फुटण्याचं कारण काय? शेपटात लांबवर चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात ते आधी, की पृथ्वीजवळचा प्रवाह विस्कटतो ते आधी, हा वाद अनेक दशकं चालला. 2007 साली नासाने त्यासाठी 'थेमिस' नावाचे पाच उपग्रह सोडले आणि अलास्का-कॅनडात वीस ठिकाणी दर तीन सेकंदांनी चित्र घेणारे कॅमेरे मांडले. थेमिस ही ग्रीकांची न्यायदेवता. तिचं नाव 'ठेवणं' या अर्थाच्या धातूवरून आलं, तो आपला 'धा', ज्यावरून विधी आणि विधान हे शब्द झाले. 26 फेब्रुवारी 2008 ला शेपटात रेषा जुळल्याची खूण उपग्रहांना मिळाली आणि सुमारे दीड मिनिटाने खाली कॅमेऱ्यांत अरोरा झळाळली. त्या घटनेपुरता तरी न्याय झाला. त्यानंतरही वाद संपलेला नाही, पण आता तो सेकंदांत मोजून चालतो.

पहाटेच्या त्या उघडझाप करणाऱ्या ठिपक्यांचाही एक शब्द आहे. वातावरणाबाहेर एका जातीच्या रेडिओलहरी उठतात. त्या ध्वनियंत्रावर ऐकल्या तर झुंजुमुंजू होताना पाखरांचा किलबिलाट चालावा तशा वाटतात, म्हणून त्यांना 'कोरस', मूळ नावाने 'पहाटेचा कोरस' म्हणतात. या लहरीच इलेक्ट्रॉनांना झटके देऊन खाली ढकलतात आणि ठिपके लुकलुकतात, हे जपानच्या 'आरासे' उपग्रहाने आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी मिळून दाखवलं. तो निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आकाश टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्याने हजारो किलोमीटर वरच्या लहरींचा ताल धरता येतो. गॅलिलिओची पहाट चुकीची होती, ही लुकलुकणारी अरोरा मात्र चुंबकीय घड्याळाने खरोखरच पहाटेची आहे.

आता 'मॅग्नेटोस्फिअर'. शब्द 1959 साली टॉमस गोल्ड यांनी घडवला, आणि त्यातला 'स्फिअर' म्हणजे गोल पुढच्या काही वर्षांतच खोटा ठरला. सूर्याच्या बाजूला हे क्षेत्र दाबलं जाऊन पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांवर संपतं आणि मागच्या बाजूला चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे लांबत जातं. मराठीत आपण 'चुंबकांबर' म्हणतो, 'आयनांबर' म्हणतो, तपांबर आणि स्थितांबर तर शाळेतच भेटतात. ज्यांनी 'अंबर' निवडलं त्यांना दाद द्यावीशी वाटते. अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्रही, पीतांबर, दिगंबर. वाऱ्यावर मागे फडफडणाऱ्या वस्त्राचा पदर, आणि अरोरा ही त्या पदराची हवेला टेकलेली किनार, हे चित्र गोलापेक्षा कितीतरी खरं आहे. आणि 'आयन' परका वाटत असला तरी तोही घरचाच निघतो. 1834 साली विल्यम ह्यूएल यांनी फॅरेडेला सुचवलेला हा शब्द 'जाणारा' या अर्थाच्या ग्रीक रूपावरून घेतलेला आहे. त्याचा धातू म्हणजे संस्कृतातला 'इ', ज्यावरून अयन आणि उत्तरायण आले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मेरुज्योती कवितेसाठी राहू दे. 'ध्रुवीय प्रकाश' पाठ्यपुस्तकांतून निवृत्त व्हावा, कारण तो जागा चुकीची सांगतो. अरोरा हा शब्द निःसंकोच वापरावा, स्त्रीलिंगी वापरावा, उषेसारखा चालवावा.

अलीकडे एक नाव असं पडलं की त्यात कुठलाच दावा नव्हता. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या हौशी छायाचित्रकारांना नेहमीच्या अरोरेहून वेगळी, पूर्व-पश्चिम जाणारी जांभळट पट्टी वारंवार मिळत होती. काय ते माहीत नाही, तर उगाच भारदस्त नाव नको म्हणून त्यांनी तिला 'स्टीव्ह' म्हटलं. 2006 च्या एका अॅनिमेशनपटात प्राणी अनोळखी झुडपाला तेच नाव देतात. मग युरोपच्या 'स्वॉर्म' उपग्रहांपैकी एक त्या पट्टीतून गेला. 300 किलोमीटर उंचीवर तिथे तापमान 3000 अंशांनी वाढलेलं आणि वायूचा सुमारे 25 किलोमीटर रुंदीचा प्रवाह पश्चिमेकडे सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने वाहत होता. पुढच्या अभ्यासात तर ती नेहमीच्या अर्थाची अरोराच नाही असं दिसलं. फिनलंडच्या हौशी मंडळींनी टिपलेल्या अरोरेतल्या समांतर लाटांना 'ड्यून्स', वाळूच्या टेकड्या, असं नाव मिळालं, आणि 2020 साली त्यांवरून 100 किलोमीटरवरच्या हवेतल्या लाटांचा अभ्यास झाला. ती उंची फुग्यांना फार वरची आणि उपग्रहांना फार खालची, त्यामुळे तिथली हवा मोजायची साधनं मुळात थोडी.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला किंवा आइसलंडला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत, आणि प्रत्येकाच्या खिशात असा मोबाइल आहे की जो डोळ्याला फिकट राखाडी दिसणारी अरोराही रंगांसह टिपतो. तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. मोबाइलचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर आहे का पाहा, चौकटीत थोडे तारे येऊ द्या, कुठे उभे होतात आणि कुठल्या दिशेला पाहत होतात ते लिहून ठेवा, आणि मूळ फोटो रंग न बदलता जपून ठेवा. 'ऑरोरासॉरस' या प्रकल्पात अशा नोंदी कुणालाही पाठवता येतात.